चांगल्या दिवसांचं तापमान

९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

विशेष काही नाही, आणि तेच माझं दुखणं आहे. मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की तुझ्या गोगलगायी काय म्हणतात. त्या काही म्हणत नाहीत गं. चौथं वर्ष चालू आहे आणि त्यांनी माझ्या नाकी नऊ आणलेत.

तुला पुन्हा एकदा नीट सांगते, कारण बाबा अजून लोकांना सांगतात की मुलगी मासे पाळते. तळ्यातली गोगलगाय पाण्यात प्राणवायू कमी झाला की वर येते आणि अंगाच्या बाजूचं बारीक भोक उघडून हवा घेते. तिने भोक उघडलं की मी लाकडी काडीचं टोक हलकेच लावते, ती भोक मिटते. असं अर्धा अर्धा तास दोनदा केलं की ती शिकते आणि वर येणं कमी करते. मग आठवड्याने तिला तशाच पाण्यात सोडायचं आणि अर्ध्या तासात भोक किती वेळा उघडलं ते मोजायचं. शिकवण्याआधीच्या तिच्याच आकड्यापेक्षा कमी भरलं तर तिला आठवतंय, तेवढंच भरलं तर विसरली. माझा अख्खा प्रबंध एका वाक्यावर उभा आहे: गोगलगाईला आठवडाभर आठवतं. सरांनी हे बारा वर्षांपूर्वी पहिल्यांदा म्हटलं. मी ते भरपूर आकड्यांनी पक्कं करायचं.

आणि ते दिसतं, पण रोज दिसत नाही. तीन दिवस सुरेख जातात. चौथ्या दिवशी सगळ्याजणी काही शिकलोच नाही अशा थाटात दहा-दहा, बारा-बारा वेळा वर येतात. मग आम्ही काय बिघडलं ते शोधतो. काही ना काही सापडतंच. पाणी गरम असतं, नाहीतर नळी वाकलेली असते, नाहीतर कोणीतरी दार धाडकन आपटलेलं असतं. मग वहीच्या त्या पानावर ‘खराब’ असा शिक्का बसतो. सरांनी त्यासाठी खरोखरचा रबरी शिक्का करून घेतला आहे. शाईची डबी माझ्याच टेबलावर असते आणि माझा अंगठा कायम निळा.

३१ ऑगस्टला माझी मुदत संपते. तोवर प्रबंध द्यायचा, नाहीतर सरांच्या सहीने वर्ष वाढवून घ्यायचं, आणि सरांनी आजवर कुणालाही वर्ष वाढवून दिलेलं नाही. तुझ्या तत्त्वज्ञानात यावर काही औषध असेल तर कळव. नसेल तर गुडघ्याची खबर कळव.

लोभ आहेच, तो वाढवावा. सध्या माझ्याकडे वाढण्यासारखं दुसरं काही नाही.

तुझी,
टिटवी

१८ जानेवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

गुडघा आहे तिथेच आहे. तू फोन का करत नाहीस असं तुझा बाप विचारत होता. त्याला म्हटलं, फोनवर ही पोरगी ‘हो गं, बरं गं’ एवढंच बोलते, कागदावर निदान भांडते.

तुझं पत्र वाचून मला एकाच वेळी राग आला आणि हुरूपही. राग अशासाठी, की ज्या महाविद्यालयात मी बत्तीस वर्षं विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवलं, तिथे माझा वर्ग बंद करून आता झेरॉक्सची दोन यंत्रं ठेवली आहेत. परवा ग्रंथालयात गेले तर माझ्या विषयाची कपाटं जिन्याखाली. शेवटची सहा वर्षं मला ‘मुलाखतीत कसं बोलावं’ हा विषय शिकवायला लावला होता हे तुला ठाऊकच आहे. आणि इकडे शिकल्यासवरलेल्या प्रयोगशाळेत लोक नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणून शिक्के मारतात.

ऐक. हजार अनुकूल उदाहरणांनी सिद्धान्त सिद्ध होत नाही, पण एका प्रतिकूल उदाहरणाने तो पडतो. हे वाक्य मी दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहायचे. तुझ्याकडे तर एक सोडून कितीतरी प्रतिकूल दिवस आहेत आणि तू ते शिक्क्याखाली दडपते आहेस. तुमच्या बैठकीत उभी राहा आणि स्वच्छ सांग, की सिद्धान्त पडला. शास्त्रज्ञाला एवढं धैर्य हवंच.

तुझा बाप काटे-वजनांच्या दुकानातून येऊन हे वाचत होता. म्हणाला, तुझ्या विषयाने आजवर एकही स्क्रू घट्ट झालेला नाही. मी त्याला चहा दिला नाही.

तब्येतीला जप. आशीर्वाद आहेतच, ते मागितल्याशिवायही मिळतात.

तुझी,
आत्या

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

वि. वि. आज नाही. विनंती एकच आहे, ती शेवटी करते.

मंगळवारच्या बैठकीत मी उभी राहिले. तुझं वाक्य फळ्यावर लिहिलं, अगदी तुझ्यासारखं, खाली रेघ मारून, आणि ते माझ्या निवृत्त आत्याचं आहे हेही सांगितलं. म्हटलं, अकरा डिसेंबरला बाराच्या बारा गोगलगायी विसरल्या होत्या, तेव्हा आठवडाभराच्या आठवणीचा सिद्धान्त पडला. सरांनी वही मागवली, अकरा डिसेंबरचं पान उघडलं आणि मलाच मोठ्याने वाचायला लावलं. पाणी तेवीस अंश, असायला हवं वीस. गरम पाण्यात प्राणवायू कमी, गोगलगाईला हवा जास्त लागते, ती वर येणारच, यात आठवणीचा काय संबंध, असं त्यांनी विचारलं. मग ते म्हणाले की तत्त्वज्ञान हा चांगला विषय आहे, निवृत्तीनंतर वेळ बरा जातो. सगळे हसले. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी लांबोडकीसुद्धा हसली, आणि तिला तर मी माझ्या डब्यातलं रोज देते.

मी तोंडघशी पडले, आत्या. चार वर्षांत या माणसाने माझ्यावर एकदाही आवाज चढवला नव्हता, परवाही चढवला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. सिद्धान्त एका उदाहरणाने पडतो म्हणे. इथे पाणी असतं, नळ्या असतात, सरकारी वीज असते. उदाहरण प्रतिकूल आहे की पाणी गरम आहे, हे कोण सांगणार?

तर विनंती अशी की उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तुला गोगलगाय लांबूनही माहीत नाही.

लोभ आहे. सध्या तो आहे तेवढाच राहू द्यावा.

टिटवी

२० फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ. आणि एक क्षमायाचना. थोरांनी धाकट्यांची क्षमा मागायची कशी हे पत्रलेखनाच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं, त्यामुळे वाकडंतिकडं होईल.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी चिडले. दुसऱ्या दिवशी तुझ्या सरांवर चिडले. तिसऱ्या दिवशी माझ्यावर चिडायची पाळी आली, आणि तिथेच जवळजवळ दोन आठवडे गेले.

प्रतिकूल उदाहरण आलं की दोष सिद्धान्ताचा, पाण्याचा, की मोजणाराच्या डोळ्यांचा, हे ते उदाहरण आपण होऊन सांगत नाही. हे तू रागात लिहिलंस, पण हाच आमच्या विषयातला पुढचा धडा आहे. मी तो ऑक्टोबरनंतर, दुसऱ्या सत्रात शिकवायचे. तुला पहिल्या सत्रावरच हातात काठी देऊन मैदानात सोडलं. मला माहीत असून मी ते लिहिलं नाही, कारण पहिलं वाक्य ऐकायला झोकदार आहे आणि कितीतरी वर्षांत मला कुणी सल्ला विचारला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुझी फजिती झाली ती माझ्या हौसेमुळे.

तू म्हणालीस मला गोगलगाय लांबूनही माहीत नाही. खरं आहे. मी बत्तीस वर्षं विज्ञानाबद्दल बोलले आणि एकाही शास्त्रज्ञाची रोजची वही उघडून पाहिली नाही. फक्त छापून आलेलं वाचलं, म्हणजे पाहुणे येणार म्हणून आवरलेलं घर. आता एक मागते, देणार नसशील तर नको देऊस. तुझी वही पाठव. सगळी पानं, शिक्क्यांसकट. मी सल्ला देणार नाही, नुसती वाचीन आणि कळलं नाही तिथे विचारीन.

लोभ कमी केलास तरी चालेल, बंद करू नकोस.

तुझी,
आत्या

६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोबत शहाण्णव पानं पाठवते आहे. झेरॉक्स काढताना तुझ्या वर्गाची आठवण झाली. चिडवत नाही, खरंच झाली.

तुझा हट्ट म्हणून पाठवते. यातून काही निघणार नाही. दर पानावर वर तारीख, मग गोगलगाईंचे नंबर, आधीचे आकडे, आठवड्यानंतरचे आकडे, खाली शेरा. पत्रांतून फार प्रश्न विचारू नकोस, प्रबंधाचं दुसरं प्रकरण अजून कागदावर यायचं आहे आणि सर दर सोमवारी विचारतात.

माझी तब्येत बरी आहे. बाबांना सांग की स्वेटर मिळाला, हात एक लांब एक आखूड आहे, माप घेणाऱ्याच्या घरी हे शोभत नाही.

लोभ थोडा वाढला आहे.

टिटवी

२९ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तीन आठवडे तुझी वही माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे आणि मी ताट मांडीवर घेऊन जेवते. अक्षर तुझं बापावर गेलं आहे. सुरुवातीला मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. ‘वा. नं. ३’ म्हणजे वाडगा नंबर तीन हे कळायला दोन दिवस गेले. खूप वेळा वाटलं की आपण म्हातारपणी भलत्या फंदात पडलो, पालथ्या घड्यावर पाणी. पण तुला शब्द दिला होता.

मग परवा तुझ्या बापाच्या दुकानात बसले होते. एक भाजीवाला काटा घेऊन आला आणि तक्रार करू लागला की हा काटा मला लुटतो, गिऱ्हाइकाला जास्त देतो. तुझ्या बापाने काटा दुरुस्त केला. तो गेल्यावर मी सहज म्हटलं की बाजारातले सगळे काटे विक्रेत्याच्याच तोट्याचे कसे बिघडतात. तुझा बाप हसून म्हणाला की ज्याचा काटा त्याच्या तोट्याचा तोच इथे येतो, ज्याचा फायद्याचा तो कशाला येईल, त्याला वाटतं काटा ठणठणीत आहे. म्हणून वर्षातून एकदा पोतडी घेऊन आपणच सगळ्या बाजारातले काटे तपासत फिरायचं असतं, तक्रार असो नसो.

मी तशीच उठून घरी आले आणि वही पहिल्या पानापासून घेतली. टिटवे, मी सल्ला देत नाही, फक्त मोजलं आहे. शहाण्णव पानांपैकी एकोणतीस पानांवर शिक्का आहे. त्या एकोणतीसही पानांवर पाण्याचं तापमान लिहिलेलं आहे. उरलेली सदुसष्ट पानं चांगल्या दिवसांची. त्यांतल्या फक्त चार पानांवर तापमान आहे.

तर माझे अडाणी प्रश्न. शिक्का मारायचा हे तुम्ही गोगलगायी मोजायच्या आधी ठरवता की नंतर? आकडे मनासारखे आले त्या दिवशी पाणी कुणी तपासतं का? आणि गरम पाण्यात त्या जास्त वर येतात, तर गार पाण्यात कमी येत असतील ना? मग चांगल्या दिवशी त्यांना आठवत होतं, की पाणी गार होतं?

कदाचित यात काही नसेल. मला तसं असलेलं आवडेल.

तुझ्या बापाला मी चहा दिला. दोनदा.

आशीर्वादांसह,
आत्या

८ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेच्या जिन्यात वाचलं आणि चुरगाळून खिशात कोंबलं. मग बाहेर काढून परत वाचलं. मग मूळ वही घेऊन बसले, तुझ्या मोजण्यात चूक काढायला. चूक निघाली नाही. सदुसष्टपैकी चार.

मला तुझा इतका राग आला की सांगता येत नाही, आणि तो तुझा नाही हेही कळत होतं. मीच रोज थर्मामीटर धुऊन स्टँडवर ठेवते. तो हाताच्या अंतरावर असतो. आकडे छान आले की मी खुशीत घरी जायचे, कधी मनातही आलं नाही. आम्ही सगळे काळजीपूर्वक काम करतो गं, इथे कुणी लबाड नाही. लबाड असतो तर बरं होतं, पकडता आलं असतं.

सरांकडे गेले. यावेळी फळा नाही, सिद्धान्त नाही, फक्त दोन आकडे सांगितले. त्यांनी वही उलटसुलट केली. मग म्हणाले की पाणी साधारण वीसच असतं. मी विचारलं, साधारण म्हणजे कुणी पाहिलंय. पाच महिन्यांवर मुदत आली असताना नवा प्रयोग म्हणजे वेडेपणा आहे, करायचाच असेल तर मागच्या टेबलावर, आपल्या वेळात, एवढंच ते म्हणाले. गोगलगाय नि पोटात पाय. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलंच नाही.

तर मागच्या टेबलावर. अठ्ठेचाळीस गोगलगायी. निम्म्यांना लांबोडकी शिकवणार, निम्म्यांना काडी लावणार पण भलत्याच वेळी, म्हणजे त्या काही शिकणार नाहीत. काचेची भांडी धुणाऱ्या काकू वाडग्यांना नवे नंबर चिकटवणार आणि कुठली शिकवायची, कुठली नाही याची यादी आधीच करणार. मला ती दिसायची नाही. दोन्ही प्रकारच्या एकाच दिवशी, एकाच पाण्यात. पाण्याचं तापमान आधी लिहायचं. दिवस खराब म्हणायचा असेल तर गोगलगायी सोडायच्या आधी म्हणायचा, नंतर तोंड बंद. निम्म्यांची परीक्षा दुसऱ्या दिवशी, निम्म्यांची आठवड्याने.

आता तुझं काम. यादीचं पाकीट इथे राहिलं तर मी ते उघडीन. मी मला ओळखते. काकू ते मेण लावून तुला पोस्टाने पाठवतील. माझे आकडे पूर्ण झाले की मी तुला पाठवीन, मग पाकीट फोड आणि बेरजा तूच कर. तोवर मला झोप येणार नाही, तुलाही येऊ नये अशी इच्छा.

लोभ आहेच. त्याचं तापमान विचारू नकोस.

टिटवी

१४ मे

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तू जाणतेस. आज लिहितो कारण तुझी आत्या लिहीत असताना तिच्या खांद्यावरून वाचलं तर ओरडते.

पाकीट पोचलं. दुकानातल्या पाच किलोच्या पितळी वजनाखाली ठेवलं आहे. तुझी आत्या दर दोन दिवसांनी येऊन ते उचलते, उजेडात धरते आणि परत ठेवते. मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू दे. तर मला सांगते की ती म्हण अज्ञान लपवणाऱ्यांची आहे. म्हटलं बरं.

वजनं दर दोन वर्षांनी मलाही मोठ्या कचेरीत तपासून आणावी लागतात. माझं वजन बरोबर आहे असं मला रोज वाटतं. वाटण्याचा उपयोग नसतो. एकदा पाच किलोला चार ग्रॅम कमी निघालं होतं, तळ झिजला होता. मला खूप लाज वाटली. कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगतो.

काही झालं तरी घर आहे. स्वेटरचा दुसरा हात उसवून पाठव, सरळ करून देतो.

तुझे,
बाबा

२७ जून

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझे आकडे अठरा तारखेला आले. पाकीट त्याच संध्याकाळी फोडलं. हे पत्र सत्तावीसला निघतंय आणि मधल्या नऊ दिवसांचा हिशोब तुला द्यायला हवा.

आधी निकाल. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेत शिकवलेल्या सरासरी चार वेळा वर आल्या, न शिकवलेल्या नऊ वेळा. आठवड्यानंतरच्या परीक्षेत शिकवलेल्या साडेआठ, न शिकवलेल्या नऊ. म्हणजे एक दिवस आठवतं. आठवडाभर आठवत नाही.

पहिल्यांदा बेरीज केली तेव्हा मला वाटलं की चुकले. दुसऱ्यांदा केली. मग वाटलं काकूंनी यादीत नंबर अदलाबदल केले असतील, वाडगा चौदा नि एकेचाळीस सारखेच दिसतात. मग वाटलं एकोणतीस मेला तुझी तब्येत बरी नव्हती, तो दिवस सोडून बघावा. तो सोडला तर फरक जरा वाढत होता. दोन दिवस मी त्या जरा वाढलेल्या फरकाला धरून बसले. अगं, तुझं वर्ष त्यावर होतं. चौथ्यांदा बेरीज करताना तुझा बाप आला आणि त्याने विचारलं की निकाल आवडला असता तर कितीदा केली असतीस. मी म्हटलं एकदा.

मग मी पेन खाली ठेवलं. सदुसष्ट पानांवर बोट ठेवणारी मीच, आणि घरबसल्या तेच करत होते. फक्त शिक्का नव्हता माझ्याकडे. एकोणतीस मेचे आकडे परत आत घातले आहेत. बेरीज एकदा तुझ्या बापाकडून करून घेतली, त्याला कुठला रकाना कसला हे न सांगता. तीच आली.

बाळ, मला फार वाईट वाटतंय आणि ते झाकणार नाही. तू म्हणाली होतीस औषध आहे का. असलं कसलं औषध, रुग्णच गेला. दिवसाची आठवण पक्की झाली असं मी म्हणू शकते, ते खरंही आहे, पण तू आठवड्यासाठी चार वर्षं दिलीस हे मला दिसतं. बत्तीस वर्षं मला वाटायचं की माझ्या विषयाचा कुणाला उपयोग व्हावा. उपयोग असा असतो हे ठाऊक नव्हतं.

सरांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी काही म्हणणार नाही. काकूंची यादी, तुझे आकडे, फोडलेलं पाकीट सगळं सोबत आहे.

लोभ असू दे. नसला तर समजून घेईन.

तुझी,
आत्या

२९ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही म्हणून बाबांचे चार फोन आले. रागावले नव्हते, रागवायलाही जोर लागतो.

तुझं पत्र मिळालं त्यानंतर तीन दिवस मी ते कागद पिशवीतच ठेवले. लांबोडकीने न विचारता चेहऱ्यावरून ओळखलं आणि आपल्या डब्यातलं माझ्यापुढे सरकवलं, तेव्हा रडले. चौथ्या दिवशी सगळे कागद सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी वाचले, चष्मा काढला, पुसला, आणि ठीक आहे म्हणाले. त्यापुढे तीन आठवडे काही नाही. मंगळवारच्या बैठका रद्द. जाता-येता दिसले तर मान हलवायचे. मुदतवाढीचा अर्ज मी भरून दिला होता, तो त्यांच्या ट्रेमध्ये सगळ्यात खाली गेला. बाबांना विचारणार होते की दुकानात मदत लागते का. टेबलाचा एक खण रिकामाही केला.

काल सरांनी बोलावलं. टेबलावर एक तपकिरी, कोपरे झिजलेली वही होती. त्यांची स्वतःची, बारा वर्षांपूर्वीची, जिच्यावरून पहिला लेख छापला ती. ट्रंकेतून काढली म्हणाले. त्यांना पक्कं आठवत होतं की त्या काळी ते रोज पाणी तपासायचे, आणि तेच मला दाखवायला त्यांनी वही काढली होती. मग त्यांनी लाल पेन्सिलीने खुणा केल्या. खराब दिवसांवर सगळीकडे तापमान. चांगल्या दिवसांवर अख्ख्या वहीत दोन ठिकाणी. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझे वडील वारले तेव्हा मी एवढा गप्प नव्हतो, असं काहीतरी म्हणाले, आणि मला काय करावं कळेना म्हणून मी पाण्याचा पेला पुढे केला.

मग त्यांनी माझा अर्ज ओढून घेतला. मुदत का वाढवायची या रकान्यात मी ‘अपरिहार्य कारणास्तव’ असं लिहिलं होतं, सगळे तेच लिहितात. त्यांनी ते खोडलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: चांगल्या दिवशी पाणी तपासलेलं नाही, जबाबदारी मार्गदर्शकाची. खाली सही केली. रबरी शिक्का माझ्या हातात दिला आणि म्हणाले की वापरायचाच तर सकाळी, गोगलगायी पाण्यात सोडायच्या आधी.

तू समजू नकोस की मी आनंदात आहे. मला अजून एक वर्ष या चिकट प्राण्यांच्या तोंडाकडे बघायचं आहे, सर त्यांचा जुना लेख मागे घेणार आहेत आणि इमारतभर कुजबुज आहे. माझ्यासोबत संशोधनाला लागलेल्यांतली शेवटची मुलगी परवा पदवी घेऊन गेली. मी दारात उभी राहून हात हलवला आणि मग आत जाऊन थर्मामीटर बघितला. वीस पूर्णांक चार दशांश. लिहिलं.

मी निघताना सरांनी विचारलं की तुझ्या आत्यांना आणखी एक वही वाचायला वेळ असेल का. निवृत्तीचा विषय त्यांनी काढला नाही. मी त्यांना म्हटलं की तिला ताट मांडीवर घेऊन जेवायची सवय झाली आहे. पार्सल आजच टाकलं, बाबांच्या आधी तू उघड. सरांचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे, ‘वा. नं.’चा अर्थ तोच.

लोभ होता तसा झाला आहे, थोडा जास्तच. वाचायला बसशील तेव्हा चांगली पानं आधी वाच.

तुझी,
टिटवी